उताराच्या बाजूला पाणी घालू नये

"माझ्या हातचं पाणी प्यायलेलं झाड आजवर मेलेलं नाही," शालनने सांगून टाकलं. "कुणालाही विचारा. वाळकी काठी रोवू दे मला, महिन्याभरात तिला पालवी येते की नाही बघा."

हे ती कोपरला, बिल्डिंगच्या गच्चीवर, दोरीवर टॉवेल टाकता टाकता, आपल्या नणंदेला ऐकवत होती. नणंद म्हणजे कळव्याच्या विशाखाताई. त्या त्याच सकाळी प्रदर्शनापर्यंत राहायला आल्या होत्या, हातात सुक्या बोंबलांची पिशवी आणि तोंडात हरकत घेऊन. शालनच्या पाठीमागे तिच्या मुलीने, पायलने उभी केलेली बाग होती. त्या बागेतला सगळ्यात उंच निवडुंग, शालन 'पालवी' म्हणाली नेमका त्याच वेळी, जेवल्यावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखा हळूच डावीकडे कलला. शालनला ते दिसलं नाही. विशाखाताईंना दिसलं, पण त्यांना वाटलं हेही डिझाइनच असणार. हल्ली काही सांगता येत नाही.

बाग म्हणजे तशी दोन खाटांएवढी. पायल नौपाड्यात एका ऑफिसात लोकांच्या बागा डिझाइन करून द्यायची. चांगदेवराव ओळख करून देताना 'आमची मुलगी बागांची इंजिनिअर' असं सांगायचे. येत्या रविवारी ठाण्यात बागांचं प्रदर्शन होतं, विषय होता आरोग्य. बाकीच्यांनी अडुळसा लावला, गवती चहा लावला. पायलने बायपोलर लावला. भावाचा, रत्नदीपचा.

घरात इतकी वर्षं ज्या शब्दाच्या गल्लीतूनसुद्धा कोणी जात नव्हतं, तो शब्द आता गच्चीवर क्रेटांमध्ये लावून ठेवलेला होता. टेम्पोत घालून ठाण्याला न्यायच्या आधी इथे मांडून बघायचा. उजव्या हाताला 'चढ': केशरी झेंडू, लालभडक कोलियस, मध्ये आरशाचे तुकडे आणि गरागरा फिरणाऱ्या कागदी भिंगऱ्या, इतकं सगळं एकमेकांच्या अंगावर की बघूनच धाप लागावी. डाव्या हाताला 'उतार': राखाडी वाळू, दगड, निवडुंग, कोरफड आणि एक रिकामं पसरट भांडं.

"चढाला रोज पाणी," पायलने सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. "उताराला पाणी नाही. मी बघीन काय ते. कोणी हात लावायचा नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. गमऱ्यांच्या घरात माना फार छान हलतात.

"ते सगळं ठीक आहे," विशाखाताई म्हणाल्या, "पण बागेच्या बोर्डावर रत्नदीपचं नाव कशाला? पायलचं घाला. बाग तिची, नाव तिचं."

"तोच म्हणतो घाला."

"तो म्हणणारच. तू काय म्हणतेस?"

शालन काय म्हणते हे शालनलाच माहीत नव्हतं. तिने एक टॉवेल उगाच पुन्हा झटकला.

"आमच्या प्रीतीचं बघायला चाललंय," विशाखाताई सुरूच. "पाहुणे ठाण्याचेच. आले फिरत फिरत प्रदर्शनाला, वाचलं गमरे, वाचलं बायपोलर. मग मी काय सांगू?"

"सांगा, नागपूरला बागकामाचा कोर्स केला म्हणून."

"चौथा कोर्स?" विशाखाताई म्हणाल्या.

नागपूरचं असं झालं होतं. रत्नदीपला पहिल्यांदा ॲडमिट करावं लागलं तेव्हा लोकांना 'तो नागपूरला कोर्सला गेलाय' असं सांगायचं ठरलं. खोटं बोलायचं ठरलं, पण कुठलं ते ठरवायचं गडबडीत राहून गेलं. चांगदेवरावांनी टेलिफोन खात्यातल्या मित्रांना कॉम्प्युटरचा कोर्स सांगितला. शालनने बिल्डिंगमध्ये चष्म्यातला वरचा कोर्स सांगितला, कारण पोरगा चष्म्याच्या दुकानात होता. विशाखाताईंनी कळव्यात हॉटेल मॅनेजमेंट सांगितलं, कारण त्यांना ते नाव आवडायचं. त्यामुळे जेमतेम दोन महिन्यांत रत्नदीप सगळ्या भावकीत सर्वांत जास्त शिकलेला माणूस होऊन परत आला. कळव्यात अजून बायका त्याला बिर्याणीचं प्रमाण विचारतात. तो सांगतोही.

जिन्यात धडधड झाली. रत्नदीप आणि पायल एक लाकडी बाक वर चढवत होते. रत्नदीप पुढे, पाठमोरा. पायल मागे, तोंडाने.

"खाली धर. अरे खाली. दादा, तुझं खाली म्हणजे वर असतं का?"

"तू बोलू नको, उचल."

बाक त्यांनी चढ आणि उताराच्या बरोबर मध्ये ठेवला. बाकापुढच्या ट्रेमध्ये मेथी पेरलेली होती, तिला बोटभर कोंब आले होते.

"हे काय?" विशाखाताईंनी विचारलं.

"मधले दिवस," रत्नदीप म्हणाला आणि बाकावर बसून घाम पुसायला लागला. "हिच्या नकाशात मधे नुसती चिंचोळी वाट होती आत्या. म्हणजे मी एकतर नाचतोय नाहीतर पडलोय. म्हटलं, बाकीचा मी कुठे गेलो? दुकानात जातो, लोकांचे नंबर काढतो, येताना मेथी आणतो. वर्षातले जास्त दिवस तर तेच असतात."

"मी चिडून म्हटलं, मग मेथी लावू का," पायल म्हणाली. "तर म्हणतो, लाव."

विशाखाताई मेथीकडे वाकून बघत राहिल्या. "मेथीने साखर उतरते," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "हेपण उतरतं का?"

रत्नदीप हसला. चांगला खळखळून, मान मागे टाकून.

 गमऱ्यांच्या घरात रत्नदीपच्या हसण्याला मापं होती. गालात हसला तर बरं. दात दिसले तरी चालेल. मान मागे गेली की शालन गोळ्या मोजायला जायची. कारण त्या वर्षी तो असाच हसत हसत दुकानातून चष्म्यांचे गठ्ठे घेऊन आला होता, आणि झोप सोडून, जेवण सोडून, दारोदार जाऊन सगळ्या बिल्डिंगचे नंबर काढून फुकट चष्मे वाटत सुटला होता. त्यानंतर उतार आला, आणि मग नागपूर.

"गोळी घेतलीस का रे?" शालन म्हणाली.

रत्नदीपचं हसू बसक्या फुग्यासारखं खाली आलं. "घेतली, आई. रक्त पण तपासून झालंय. डॉक्टर म्हणाले छान." मग जरा थांबून, "आत्या साखरेचं बोलली म्हणून हसलो."

"मी आपलं विचारलं."

"हो. तू आपलं विचारतेस."

तो खाली निघून गेला. पायलने आईकडे बघितलं आणि भिंगऱ्या सरळ करायला लागली.

*

आता शालनने नणंदेला न सांगितलेली एक गोष्ट.

बाग मांडली त्याच दिवशी दुपारी ती वाळलेले कपडे काढायला वर आली होती. उजवीकडे झेंडू नुसता माजला होता. डावीकडे ते सगळं करडं, मुकं, मान खाली घातलेलं. तिने मान वळवली. कपडे काढले. पुन्हा बघितलं. जिन्यापर्यंत गेली, परत आली, टाकीच्या नळाखाली तांब्या धरला आणि एकच तांब्या, फक्त एकच, निवडुंगाच्या बुडाशी ओतला.

"पी बाबा," ती म्हणाली.

तांब्या तिच्या सासऱ्यांचा, दापोलीहून डोक्यावरच्या बोचक्यातून आलेला, पितळी. गमऱ्यांच्या तीन पिढ्या त्यावर वाढल्या. रत्नदीप भिंतीकडे तोंड करून पडून असायचा तेव्हाही ती हाच तांब्या घेऊन तासातासाला उशाशी जायची. पेज आण, अंडं आण, सरबत आण. त्याने नको म्हटलं की दुसरं काहीतरी आण. झाड काय आणि पोरगा काय, सुकताना दिसला की हात आपोआप पुढे होतो. त्यात शालनची काय चूक. दुसऱ्या दिवशी तिने दुसरा तांब्या घातला. तिसऱ्या दिवशी मोजणं सोडून दिलं.

*

शुक्रवारी संध्याकाळी विश्राम म्हात्रे गच्चीवर आले, तेव्हा सगळं कुटुंब तिथेच होतं. टेम्पोत काय आधी चढवायचं यावर चांगदेवराव सगळ्यांचं मार्गदर्शन करत होते. विश्रामशेठ सोसायटीचे सेक्रेटरी. ही बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी त्यांच्या वडिलांची भातखाचरं होती, त्यामुळे भिंतीत खिळा ठोकला तरी त्यांना स्वतःला लागल्यासारखं वाटायचं. ते गच्चीच्या खालच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांचा चष्मा ओला होता.

"शालनबाय, माजे घरान पानी गलतंय," ते म्हणाले. "बरोबर पलंगावर. मी झोपलेलो, टपकन डोल्यावर."

"टाकी असेल," चांगदेवराव म्हणाले.

"टाकीखाली माजा किचन हाय. बेडरूम हितं हाय." त्यांनी बरोबर उताराकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी तिकडे बघितलं, आणि जणू या लक्ष देण्याचीच वाट बघत असल्यासारखा उंच निवडुंग बुडापासून सुटून आडवा झाला. आवाजसुद्धा झाला नाही, नुसता पचकन.

पायल धावली. गुडघ्यांवर बसून तिने निवडुंग उचलला, तर तो वरण-भातासारखा हातात आला. शेजारची कोरफड ओढली, तीही आली. वाळू खालून चिखल झाली होती.

"कुजलंय," ती म्हणाली. "मुळापासून. पाणी घातलंय कोणीतरी. एकदा नाही, रोज."

गच्चीवर एकदम सगळ्यांना आभाळ बघावंसं वाटलं.

"टाकी ओव्हरफ्लो झाली असेल," चांगदेवराव पुन्हा म्हणाले.

"पप्पा, टाकी त्या टोकाला आहे."

"वाऱ्याने येतं."

पायलने वाळूत बोट फिरवलं आणि वर धरलं. "हे तांदळाचे दाणे आहेत."

विशाखाताईंनी पदर सारखा केला. "तांदळाचं धुवण होतं. फुकट कशाला घालवायचं. झाडाला चांगलं असतं ते." मग, "एवढं भकास ठेवलेलं पोरीने. दोनतीनदाच घातलं."

"आणि या मुंग्या?" पायलचा आवाज चढत चालला. "निवडुंगाला मुंग्या लागलेल्या मी अख्ख्या करिअरमध्ये बघितल्या नाहीत."

मुंग्यांची रांग निवडुंगापासून निघून चांगदेवरावांच्या चपलेपर्यंत आली होती. तिथून ती त्यांच्या खिशातल्या पुडीकडे चढत होती.

"थोडं ग्लुकोज," ते म्हणाले. "अशक्त वाटत होता."

"निवडुंग?"

"तुला काय माहीत. तू ऑफिसला जातेस. मी दिवसभर बघतो ना त्याच्याकडे."

शालनला वाटलं, चला, दोघं सापडले, पुरे झालं. ती म्हणणारही होती की जाऊ दे पायल, मोठी माणसं आहेत, चुकतात. तेवढ्यात तिचं लक्ष वाळूकडे गेलं. तिथे एक गोल उमटला होता, स्वच्छ, बुडाशी पोचा असलेला. त्या पोच्याची गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ होती. दापोलीच्या विहिरीवर पडला होता. सगळे त्या गोलाकडे बघत राहिले, मग शालनकडे.

"एकच तांब्या," शालन म्हणाली.

"आई."

"रोज एकच."

आता विश्रामशेठ खाकरले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "तसा मी पन घातला," ते म्हणाले. "सकालचे पारी. एक बालदी."

"काका, तुम्ही? बादली?"

"सुकत चाललेला ना गो. बगवत नव्हता."

"आणि मग तक्रार कसली घेऊन आलात?"

"ता वेगला," विश्रामशेठ म्हणाले. "गलतंय ता गलतंय."

पायल त्या चिखलात तशीच बसून रडायला लागली. परवा प्रदर्शन, अर्धी बाग गेलेली, आणि रडता रडता ती म्हणाली, "गेल्या रविवारी मीपण थोडं जास्त घातलेलं. वाटलं, एवढ्याने काय होतंय."

म्हणजे सगळ्यांनीच घातलं होतं. प्रत्येकाने चोरून, प्रत्येकाने मायेने, आणि प्रत्येकाला वाटत होतं की या बिचाऱ्याला आपल्याशिवाय कोणी नाही. फक्त रत्नदीपने घातलं नव्हतं. तो बाकावर बसून हे सगळं बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले. शालनला आधी वाटलं तोही रडतोय. मग त्याची मान मागे गेली.

तो हसला. त्या दिवशीपेक्षा जोरात, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. खालच्या रस्त्यावरचा इस्त्रीवाला वर बघायला लागला.

गच्चीवर बाकी कोणी हलेना. चांगदेवरावांनी शालनकडे बघितलं. विशाखाताईंनी बघितलं. पायलनेसुद्धा नाक पुसत बघितलं. हे काम शालनचं होतं. प्रश्न तिच्या जिभेवर येऊन बसला होता, चपला घालून तयार.

रत्नदीपनेही बघितलं. हसणं ओसरलं नव्हतं, पण डोळे थांबले होते. तो वाट बघत होता.

शालनने प्रश्न गिळला. तो सुक्या बोंबलाच्या काट्यासारखा उतरला.

"चहा टाकू का सगळ्यांना?" ती म्हणाली.

कोणालाच काही कळलं नाही. रत्नदीपला कळलं. त्याने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले.

"टाक," तो म्हणाला. "आणि पायल, रडू नको. बाग आता बरोबर झालीय."

"बरोबर? दादा, कुजलीय ती."

"तेच ना. तू सुकं दाखवत होतीस. मी सुकलो नव्हतो गं. मी पडलेलो तेव्हा जो येईल तो पाणी घालून जायचा. आईने पेज आणली, पप्पांनी भाषण केलं, आत्याने कुठलासा काढा आणला, कोणी म्हणे लग्न करा, कोणी म्हणे डोंगरावर फिरायला न्या. सगळे चांगलेच. पण हे झाड कुठलं, याला किती लागतं, हे कोणी विचारलंच नाही. ते डॉक्टरांनी विचारलं." तो बाकावर जरा सरकला. "तुम्ही नुसते शेजारी बसला असता ना, तरी चाललं असतं."

विश्रामशेठ खरोखरच जाऊन त्याच्या शेजारी बसले. बाक करकरला.

"त्या टायमाला तू मना ह्यो चष्मा दिलेलास," ते म्हणाले. "नंबर बरोबर हाय. अजून तोच हाय."

"काका, त्या टायमाला मी आजारी होतो."

"मना ठाव हाय."

"कसं ठाव? मी तर नागपूरला—"

"कुटला नागपूर. ठान्याचे हॉस्पिटलान आमची सून नर्स हाय. अख्खे बिल्डिंगला ठाव हाय. तुमी बोलत नव्हतव, मग आमी पन नाय बोललो."

 आधी विशाखाताई बोलल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं हॉटेल मॅनेजमेंट फुकट सांभाळलं?"

"बिर्याणी तुज्या भाच्याची चांगली असते पन," विश्रामशेठ म्हणाले.

तिथून वारं फिरलं. विशाखाताई म्हणाल्या, लिहायचंच तर ठळक लिहा, प्रीतीच्या पाहुण्यांना मीच हात धरून आणते, बाहेरून कळण्यापेक्षा बरं. आणि आतापर्यंत पोराच्या बाजूने असलेले चांगदेवराव, बहीण बाजूला आलेली बघताच, सवयीने पलीकडे गेले.

"नाव असू दे," ते म्हणाले. "पण जरा बारीक अक्षरात."

"पप्पा, मी चष्म्याच्या दुकानात आहे," रत्नदीप म्हणाला. "बारीक असलं की लोक जवळ येऊन वाचतात."

पुन्हा सगळे शालनकडे बघायला लागले. जिन्यात एक पाय ठेवून ती उभी होती.

"मोठं लिही," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. जिन्यात अंधार होता. तिथे तिने पदराने डोळे पुसले, म्हणजे कोणी विचारलं असतं तर घाम म्हणाली असती.

*

रविवारी ठाण्याला बाग पोचली ती अशी: चढ होता तसा. मधे बाक आणि मेथी. उताराच्या बाजूला तोच चिखल, तोच आडवा निवडुंग, आणि त्याच्याभोवती कोंडाळं करून तांब्या, बादली, धुवणाचं पातेलं आणि ग्लुकोजची पुडी. बाकाच्या पाठीला खालच्या बाजूला बोर्ड ठोकलेला: 'उताराच्या बाजूला पाणी घालू नये. शेजारी बसावं.' आणि त्याखाली, मोठ्या अक्षरात, डाव्या कोपऱ्यात पायल गमरे, उजव्या कोपऱ्यात रत्नदीप गमरे.

लोक थांबत होते. अडुळशापाशी कोणी थांबत नव्हतं. एक बाई बराच वेळ बादलीकडे बघून 'आमच्या घरी पण असंच' एवढंच म्हणाली आणि गेली. विशाखाताई प्रीतीच्या होणाऱ्या सासूला 'हा माझा भाचा, याने नागपूरला काहीही केलेलं नाही' असं समजावून सांगत होत्या. सासू तिसऱ्यांदा हो म्हणत होती.

सगळं नीट चाललं होतं. फक्त एक गोष्ट गमऱ्यांना कोणी सांगितली नव्हती. हल्ली अशा ठिकाणी समई लावत नाहीत. पर्यावरण म्हणून प्रमुख पाहुणे एखाद्या रोपाला पाणी घालून उद्घाटन करतात. आणि गमऱ्यांची बाग स्टेजच्या सगळ्यात जवळ होती.

पाहुणे आले ते थेट आले. चकचकीत बूट, गळ्यात हार, हातात रिबीन बांधलेली तांब्याची झारी. मागे फोटोवाले. पाहुण्यांनी बागेवर एक नजर टाकली. उजवीकडे झेंडू तजेलदार होता. त्याला पाण्याची काय गरज. डावीकडे तो बिचारा आडवा पडलेला निवडुंग. पाहुणे मनाने चांगले होते. त्यांनी झारी डावीकडे तिरकी केली.

"साहेब, थांबा," शालन म्हणाली.

ती कधी पुढे आली हे तिलाही कळलं नाही. तिने झारी धरली होती, पाहुण्यांच्या हातासकट.

"पाणी नाही घालायचं. आम्ही सगळ्यांनी घातलंय आधीच."

"मग?" पाहुणे म्हणाले. त्यांना दुसरं काही करायला शिकवलेलं नव्हतं.

"बसा." तिने बाक दाखवला. "हा माझा मुलगा. त्याला बायपोलर आहे. नागपूरला नव्हता गेला तो."

पाहुण्यांना नागपूरचं काही कळलं नाही, पण आवाज असा होता की ते बसले. झारी शालनने चांगदेवरावांच्या हातात दिली. फोटोवाले एकमेकांकडे बघू लागले.  मग रत्नदीप म्हणाला, "साहेब, चष्मा नाकावरून उतरतोय तुमचा. नौपाड्यात या, दांड्या आवळून देतो." पाहुणे हसले. त्यांनी पाय मोकळे करायला बूट सैल केले, आणि मग आवाज खाली आणून काहीतरी विचारलं. रत्नदीपने आवाज आणखी खाली आणून उत्तर दिलं. पाहुण्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं. शालन चार हात अंतरावर उभी होती आणि जन्मात पहिल्यांदा तिने कान लांब केला नाही.

तेवढ्यात रत्नदीप हसला, मान मागे टाकून. शालन मेथीकडे बघत राहिली. मेथी छान आली होती.

आता चांगदेवरावांविषयी एक सांगायला हवं. माइकवरून काही सांगितलं की ते करायचंच, असा त्यांचा स्वभाव. उल्हासनगरला एका लग्नात 'वधूपित्याने पुढे यावे' अशी सूचना झाली, तेव्हा दुसऱ्याच्या लग्नात हे पुढे गेले होते.

स्टेजवरच्या निवेदिकेला खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. तिने कागदावरचं वाचलं. "आता जलार्पण होत आहे."

चांगदेवराव बाकामागे उभे होते. झारी त्यांच्या हातात होती. उताराला पाणी घालायचं नाही हे त्यांना आता पक्कं माहीत होतं. त्यांनी ती बाकावरून पुढे धरली आणि पाहुण्यांच्या दोन्ही बुटांत रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात बाक आहे, बोर्ड आहे आणि बाकाच्या पाठीवर पाहुण्यांचे मोजे वाळत घातलेले आहेत. पायलचं नाव डाव्या मोज्याखाली गेलं.